चुन्याच्या डबीतले दात

१४ जानेवारी १९४६, सोमवार. संक्रांत.

आज सूर्यनारायणांनी मकर राशीत प्रवेश केला आणि त्यांच्या पाठोपाठ आमच्या घरात एका संकटाने. तिळगूळ वाटण्याचा ज्येष्ठत्वसिद्ध अधिकार बजावीत मी ओसरीवर विराजमान झालो होतो. पुतणी बनू, वय वर्षे सात, हिच्या हातावर मी एक टणक, सुडौल लाडू ठेवला. तिने तो घेतला, वाकून नमस्कार केला आणि लाडू परकराच्या ओच्यात टाकला. जी कन्या परवाच गुऱ्हाळावर काहिलीच्या काठचा ऊन गूळ बोटाने चाटताना मी स्वतः पाहिली, तिने संक्रांतीचा लाडू उद्यावर टाकावा, हे मला सृष्टिनियमांच्या विरुद्ध वाटले. तोंड उघडण्याची आज्ञा केली. आज्ञा अमान्य झाली. अखेर माझ्या सहधर्मचारिणी हरणाबाई यांनी तिला गुदगुल्या केल्या, ती हसली, आणि त्या क्षणार्धात मला खालच्या जबड्यातील उजवी दाढ दिसली. दाढ कसली, काळे विवर. भोवतीची हिरडी लालभडक.

ही बनू माझा धाकटा भाऊ जोतीराम याची कन्या. जोतीराम पलटणीत हवालदार. जगाची लढाई ऑगस्टात संपली असे वर्तमानपत्रांत छापून आले. परंतु ते अंक त्याच्या साहेबांपर्यंत पोहोचले नसावेत, कारण दिवाळीची रजा संपताच त्यांनी त्याला जहाजात घालून मलायात धाडले. म्हणून मी, सातारच्या हायस्कुलात आयुष्यभर संस्कृत धातू चालवून निवृत्त झालेला गृहस्थ, या कृष्णाकाठच्या गावी ऊस, बैल, दोन स्त्रिया आणि एक पुतणी यांचा कारभार चालवतो. धातू अधिक आज्ञाधारक होते.

१९ जानेवारी, शनिवार

लवंगेच्या तेलाचा बोळा, हिंग, मिठाच्या कोमट गुळण्या: त्रिविध उपचार चालू आहेत. रोगिणी सर्व सोसते आणि "आता दुकत न्हाई" असे सांगते. गालाची सूज मात्र निराळी साक्ष देते. घास ती डाव्या बाजूने चावते, आणि तोही इतक्या हळू, की जणू मुखात काही काचेचे सामान मांडून ठेवले आहे.

दात या विषयात तिला स्वारस्य नाही असे म्हणता येणार नाही. तिचा पहिला दात दिवाळीत पडला. म्हणजे जोतीरामाने दोरा बांधून तो उपटला. आमच्या घराण्याची रीत अशी की पडलेला दात शेणाच्या गोळीत घालून घरावर भिरकावायचा. गोळी छपराचे आढे ओलांडून पलीकडच्या कौलांवर पडली पाहिजे, तरच नवा दात सरळ येतो. आणि ज्याने मुलाचा पहिला दात टाकला त्यानेच पुढचे सर्व टाकायचे, हात बदलायचा नाही. जोतीरामाने अंगणातून अशी काही गोळी फेकली की ती परसातल्या शेवग्यात गेली. पोर नाचली. जोतीराम, म्हणजे तिचा आबा, तिला म्हणाला, "बाकीचं दात माज्यासाठी राखून ठिव, बनू. मी आलो की टाकू." दुसऱ्या दिवशी पहाटेच्या मोटारीने तो गेला. हे मी केवळ लोकाचारांचा अभ्यासक या नात्याने नोंदवून ठेवतो. प्रस्तुत दाढेशी त्याचा संबंध नाही.

सायंकाळी पोस्टात डोकावलो. मलायाची डाक नाही. पोस्ट मैलभर दूर आहे. चालणे प्रकृतीस हितकारक असते, एवढाच हेतू.

२३ जानेवारी, बुधवार

काल साताऱ्यास जाऊन आलो. जुन्या शाळेतील ड्रॉइंगमास्तरांना दाढेचे चित्र शब्दांनी काढून दाखवले. त्यांनी गंभीर चेहऱ्याने सांगितले, की लवंगेच्या तेलाने हे विवर बुजणार नाही. साताऱ्याचे दंतवैद्य सध्या पुण्यास प्रयाण करते झाले आहेत. परंतु सांगलीत मगदूम नावाचे डॉक्टर आहेत, लढाईत सैनिकांचे दात पाहून आलेले, आणि त्यांच्याकडे वर-खाली होणारी खुर्ची आहे. खुर्चीचे वर्णन करताना ड्रॉइंगमास्तरांचा हात उगाच स्वतःच्या गालाकडे गेला. माझाही गेला असे ते म्हणाले. मी ते नाकारले.

घरी प्रस्ताव मांडताच हरणाबाईंनी विरोध नोंदवला. दाढेची आणि डोळ्याची नस एकच. दाढ काढली की नजर जाते. त्यांच्या माहेरी एका आत्याबाईंचे असेच झाले. मी विचारले, आत्याबाईंचे वय काय होते. ऐंशीच्या घरात, असे उत्तर आले. "पन दाड काडायच्या आदी त्यास्नी लांबचं दिसत हुतं," असे हरणाबाई म्हणाल्या आणि भांडी उचलून आत गेल्या. शास्त्रार्थ अनिर्णित राहिला.

तरीही सांगलीस जाणे ठरले. ब्रिटिश मुलखातून संस्थानी मुलखात, म्हणजे एक प्रकारचे परराज्यगमनच. आता कन्येच्या मनाची पूर्वतयारी करणे हे माझे कर्तव्य. अध्यापनात हयात घालवलेल्या माणसाला एका सात वर्षांच्या मुलीची भीती घालवणे कितीसे अवघड?

२७ जानेवारी, रविवार

अवघड आहे.

प्रथम सामाचा प्रयोग केला. ओसरीवर तिला मांडीशी बसवून दंतवैद्य, त्याची उपकरणे, त्याचे दयाळू अंतःकरण (जे मी पाहिलेले नाही) आणि वेदनेचे क्षणभंगुरत्व यांवर सुबोध प्रवचन केले. दातांवर मी स्वतः रचलेले अष्टकही म्हणून दाखवले. दुसऱ्या श्लोकाला हरणाबाई उठून गेल्या, तिसऱ्याला मांजर. बनू मात्र शेवटपर्यंत बसली आणि नंतर तिने प्रश्न विचारले. प्रश्नांवरून तिच्या भीतीचे स्वरूप स्पष्ट होते, म्हणून येथे उतरवतो.

डाक्टर दाढ काढतो, मंग ती दाढ कुणाची?

मी म्हणालो, तत्त्वतः तुझीच. परंतु व्यवहारात ती टाकून देतात.

कुठं टाकत्यात?

केराच्या बादलीत टाकत असावेत, असे मी सांगितले. तिने जिभेने दाढ चाचपून पाहिली. मग विचारले, काढलेली दाढ मागनं परत बसवता येती का. नाही म्हणताच तिने ओठ मिटले, वसुलीला आलेल्या तलाठ्यासमोर लोक दार लावून घेतात तसे. रक्ताच्या दृश्याची धास्ती. बालमनाच्या ठिकाणी हे साहजिकच आहे.

येथे आमच्या घरातील एका रिवाजाची नोंद करणे प्राप्त आहे. धाकट्या भावाची पत्नी थोरल्या दिरासमोर येत नाही आणि त्याच्याशी बोलत नाही. बनूची आई लीलाबाई आमच्या घरी नऊ वर्षे नांदत आहेत. मला त्यांचा आवाज ठाऊक आहे, पदराचे काठ ठाऊक आहेत, चेहरा नीटसा नाही. सांगायचे असेल ते त्या दाराआडून हरणाबाईंना सांगतात, आणि हरणाबाई माझ्यापासून तीन हातांवर बसून तेच मला पुन्हा सांगतात, जणू मी बहिरा आहे किंवा मधे नदी आहे.

आज प्रवचन संपून हरणाबाई परत येताच दाराआडून आवाज आला. "आक्का, थोरल्या भावजींस्नी सांगा, पोर दुकन्याला भीत न्हाई. तिचं कारान येगळंच हाय. तिच्या आबानं जाताना..."

मी हात वर केला. हरणाबाईंना म्हणालो, की मातेला आपले अपत्य शूरच वाटते, त्यात नवल नाही. परंतु भीती ही लज्जास्पद गोष्ट नसून ती ज्ञानाने दूर होते, आणि ज्ञानदान चालू आहे. थोरला दीर बोलत असता दाराआडून बोलणे आमच्याकडे होत नाही. आवाज थांबला. काकणे वाजली आणि आत गेली.

पोस्टात डाक नाही. पोस्टमास्तरांनी मला दुरून पाहूनच मान हलवली. मी त्यांना सांगितले, की मी केवळ फिरायला आलो आहे.

३१ जानेवारी, गुरुवार

ज्ञानमार्ग बाजूला ठेवून आज नाट्यप्रयोग केला. उखळ पालथे घालून त्यावर पाट ठेवला: वर-खाली न होणारी खुर्ची. बनूला डॉक्टर केले, मी रोगी झालो. उपकरण म्हणून तिने देवघरातली आचमनाची पळी घेतली. हरणाबाईंनी हा अधर्म पाहिला नाही.

डॉक्टर म्हणून ती निष्णात निघाली. आवाज जाड करून तिने मला बसवले, मान मागे टेकवली, पळीने जीभ दाबली आणि बराच वेळ आत पाहत राहिली. मग म्हणाली, "आण्णा, तुमच्या दाढंला माज्याहून मोठं भोक हाय."

ही दैनंदिनी कोणी वाचणार नाही, म्हणून कबूल करण्यास प्रत्यवाय नाही: आहे. दोन वर्षे आहे. त्यात मी लवंगेचे तेल, पानातला कात आणि तंबाखू यांची क्रमशः स्थापना करीत आलो असून थंडीत ती दाढ मला अशा ठिकाणी नेते, जेथे व्याकरण उपयोगी पडत नाही. दंतवैद्याकडे जाण्यास सवड झाली नाही. निवृत्त माणसाला सवड कोठून?

"मंग तुमी का न्हाई काडत?" डॉक्टरांनी विचारले.

मी म्हणालो, आता भूमिका बदलू या. तू रोगी हो. ती पाटावर बसली, मान मागे टेकवली, हात मांडीवर ठेवले, सर्व काही यथासांग. आणि तोंड मिटले. पळी ओठांना लावताच डोळ्यांत पाणी आले. हुंदका नाही, हालचाल नाही, आणि तोंड उघडणे नाही. माझ्या अध्यापनशास्त्राचा हा संपूर्ण पराभव. कोणत्या वेदनेला ही मुलगी एवढी भिते, हे मला उमगत नाही. काल पायात बाभळीचा काटा मोडला तेव्हा तिने स्वतः सुईने काढला होता.

३ फेब्रुवारी, रविवार

आज विनोद सुचत नाही. पोरीचा उजवा गाल लिंबाएवढा सुजला असून अंगात ताप आहे. हिरडीवर पुवाची पुळी दिसते. वैद्यबुवा येऊन गेले. म्हणाले, विष जबड्यात उतरले तर माझ्या हातात काही नाही, आजच न्या. आज मोटार नाही. उद्या आहे, पण ती कराडपर्यंतच. परवा सकाळची सांगलीची गाठतो.

लीलाबाई रात्रंदिवस तिच्या उशाशी आहेत. मी दारात उभा राहिलो की त्या पदर ओढून भिंतीकडे वळतात, आणि मी परत फिरतो. दोघांना एकाच वेळी पोरीजवळ बसता येत नाही, हा रिवाज आज मला थोडा गैरसोयीचा वाटला.

जोतीरामाला काय लिहू? लिहिले नाही.

५ फेब्रुवारी, मंगळवार. सांगलीहून परतल्यावर.

लिहिताना त्रास होत नाही, बोलताना होतो. म्हणून सविस्तर लिहितो.

मोटार कोळशाच्या वायूवर चालणारी होती. पाठीमागे भट्टी, भट्टीत कोळसा, आणि चढ आला की क्लीनर उतरून पंखा फिरवी, तेव्हा तो पुष्पकविमानाचा आजोबा खोकत पुढे सरके. बनू माझ्या मांडीवर, शालीत गुंडाळलेली. हरणाबाईंनी आमच्या दोघांच्या डोळ्यांत सकाळीच काजळ घातले होते, संरक्षणार्थ. निघताना लीलाबाई दाराच्या उंबऱ्यापर्यंत आल्या, काही म्हणू लागल्या, मला पाहिले आणि थांबल्या.

डॉ. मगदूम ठेंगणे, रुंद खांद्यांचे, हात कुस्तीगिराचे आणि आवाज आईचा. बनूला पाहून कानडी लाडाने म्हणाले, "ये की गं अव्वा, बस. ही खुर्ची माझ्याकडे सगळ्यांत शहाणी आहे, सांगितलेलं ऐकते." पायाने कळ दाबली आणि खुर्ची वर गेली. बनूने खुर्चीवरून खाली पाहिले. तापातही तिला मौज वाटली हे मी पाहिले. पुन्हा वर, पुन्हा खाली. मग त्यांनी आरसा हातात घेतला आणि तिने तोंड मिटले.

डॉक्टरांनी गोडीने सांगितले. मीही सांगितले. अष्टकातील पाचवा श्लोक म्हटला. काही उपयोग झाला नाही. जबरदस्ती करायची नाही, असे डॉक्टर म्हणाले. सुजलेला जबडा ओढला तर पोर पुन्हा कुणालाच तोंड दाखवणार नाही. पण दाढ मात्र आज निघालीच पाहिजे, हेही त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले. हे सांगताना त्यांचा आवाज आईचा राहिला नव्हता.

तेव्हा मी एक धीरोदात्त निर्णय घेतला. म्हणालो, प्रथम माझे तोंड तपासा. ते पाहून हिची भीती जाईल. माझा मनोदय तोंड उघडून दाखवावे आणि सन्मानाने उतरावे, एवढाच होता.

डॉक्टरांनी आरसा आत घातला आणि शीळ वाजवली. "मास्तर, ही दाढ कुणासाठी राखून ठेवलीय?"

बनूने एकदम मान वर करून माझ्याकडे पाहिले. तिचे डोळे एवढे मोठे मी पूर्वी पाहिले नव्हते. का, ते तेव्हा कळले नाही.

मला सुटकेचा मार्ग उरला नाही. पुतणीसमोर खुर्चीवरून उडी मारून पळणे हे संस्कृताच्या अध्यापकास शोभत नाही. सुई टोचली गेली. पुढील भाग मी डोळे मिटून अनुभवला. ते केवळ इष्टदेवतेच्या स्मरणासाठी. मध्येच एक लहान, तापाने ऊन झालेला हात माझ्या हातात आला. तो मी धरला, की त्याने मला धरले, हे सांगता येणार नाही. नंतर मोठा आवाज झाला, जसे जुने झाड मुळासकट येते. दाढ तिवईवरच्या पांढऱ्या वाटीत पडली. डॉक्टरांनी खळगीत कापसाचा मोठा बोळा कोंबला, दात आवळायला लावले, घटकाभर तोंड उघडायचे नाही अशी ताकीद दिली, आणि हत्यारे उकळायला आतल्या खोलीत गेले.

आम्ही दोघेच उरलो. बनू वाटीत वाकून पाहत होती. मग तिने माझ्याकडे पाहिले.

"आण्णा, तुमाला आता बोलता येत न्हाई न्हवं?"

मी मान हलवली.

"अजाबात न्हाई?"

पुन्हा हलवली. ती माझ्या गुडघ्याशी आली आणि धोतराचा काठ बोटांत घेऊन हळू सांगू लागली.

"मंग मी सांगते. आबा म्हनलं हुतं, बाकीचं दात माज्यासाठी राखून ठिव. मी आलो की टाकू. म्हनून मी राखल्यात. ह्यो पुढचा लय हालतोय, त्योबी मी जिबंनं धरून ठिवलाय. डाक्टरानं काडून बादलीत टाकला तर आबास्नी यायला काय ऱ्हातंय? कशापायी येतील त्ये?"

क्षणभंगुरत्वावरील प्रवचन तयार होते. अष्टकाचे तीन श्लोक शिल्लक होते. तोंडात कापूस होता. त्यामुळे मला त्यांपैकी काहीच म्हणता आले नाही, आणि ते बरे झाले असावे.

मी कोटाच्या खिशातून चुन्याची पितळी डबी काढली. मोरीत जाऊन चुना धुतला, धोतराच्या सोग्याने डबी कोरडी केली. वाटीतली माझी दाढ उचलून तिच्यात ठेवली. मग डबी तशीच उघडी तिच्यापुढे धरली आणि दाढेशेजारच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवले.

तिने डबीत पाहिले.

"तुमचाबी आबाच टाकनार?"

मान हलवली: होय.

"त्यास्नी ठाव हाय?"

नाही.

"मंग कळवाय पायजे," ती म्हणाली. "न्हाईतर त्यास्नी वाटंल एकच हाय."

डॉक्टर परत आले तेव्हा ती खुर्चीत बसली होती. डबी तिच्या मांडीवर होती. तिने आधी त्यांना अट सांगितली, दाढ बादलीत टाकायची नाही, ह्यात टाकायची. डॉक्टरांनी डबी पाहिली, माझा चेहरा पाहिला, आणि काहीही न विचारता कबूल केले. तिने तोंड उघडले. सुई गेली तेव्हा तिच्या पायाचा अंगठा आवळला, एवढेच. पू वाहून गेला. दाढ डबीत गेली. डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांत ताप उतरेल.

परतीच्या वाटेवर ती झोपली. डबी मुठीत.

माझा कापूस सांगली सोडतानाच काढायचा होता. तो मी घर येईपर्यंत काढला नाही.

७ फेब्रुवारी, गुरुवार

ताप उतरला. सूज ओसरते आहे. हरणाबाईंनी आम्हा दोघांनाही अंगणात उभे करून सुईत दोरा ओवायला लावला. बनूने पहिल्याच प्रयत्नात ओवला. मला जमले नाही. परंतु मला तो दाढ काढण्यापूर्वीही जमत नसे, हा माझा बचाव त्यांनी ऐकून घेतला नाही.

जेवणानंतर ओसरीवर बसलो असता दाराजवळ काकणे वाजली. हरणाबाई परसात होत्या, मध्यस्थ नव्हता. मी उठू लागलो. तेव्हा लीलाबाई दाराबाहेर आल्या, पदर कपाळापर्यंत, तोंड ओसरीच्या खांबाकडे, आणि खांबाला म्हणाल्या, "मी त्या दिवशी ह्येच सांगत हुते."

मी खांबाकडे पाहिले. म्हणालो, "खांबाने तेव्हा हात वर करायला नको होता."

पदराआड हसू आले असावे. त्या खांबाला आणखी म्हणाल्या, की पोरीच्या बापाचं कागूद पौषापासनं न्हाई. थोरल्या भावजींस्नी काय कळलं असंल तर घरात लपवू नगा. मी सांगितले, की मला काही कळलेले नाही. कळले तर दाराआड नव्हे, समोर सांगेन. हे आमच्या घराण्यात प्रथमच झाले. खांब साक्षीला आहे.

सायंकाळी बनूने जोतीरामाला पत्र सांगितले, मी लिहून घेतले. एरवी माझ्या पत्रास मायन्यापुढे चार ओळींचे संस्कृत असते. आज ती सांगेल तेवढेच लिहिले. "दोन दाढा ठेवल्या आहेत. एक माझी, एक आण्णांची. दोन्ही तुम्हीच टाकायच्या. केव्हा येता?" पत्र स्वतः पोस्टात टाकले. फिरायला जायचेच होते.

१० मार्च, रविवार

उत्तर नाही.

पानाचा त्याग झाला आहे. चुन्याची डबी दुसऱ्या कामी गुंतली असता पान कशाला लावायचे? जीभ दिवसभर मोकळ्या खळगीत जाते, तिथे काही आहे का पाहून येते आणि परत येते. पोस्टात मी करतो तेच.

बनूचा पुढचा हलता दात आज भाकरीत निघाला. ती रडली नाही. धुऊन डबीत ठेवला, आणि मला म्हणाली, "आता तीन झालं. आता तर आबास्नी यायाच लागंल." डबी हलवून वाजवून दाखवली. मी म्हणालो, प्रमाण सबळ आहे.

वर्तमानपत्र पोहोचताच हल्ली मी त्यातील पूर्वेकडील बातम्यांचे पान प्रथम वाचतो आणि नंतर ते हरणाबाईंना चूल पेटवायला देतो. बाकीची पाने सर्वांसाठी असतात.

६ एप्रिल, शनिवार

उंबऱ्याआतून कोणी काही विचारत नाही. मीही सांगत नाही. सांगण्यासारखे नाही म्हणून. पोस्टमास्तर आता मान हलवत नाहीत, पाण्याचा तांब्या पुढे करतात.

आज उन्हातून परत येताना बनू वेशीपर्यंत सामोरी आली होती. तिने विचारले नाही. माझा हात धरला आणि आम्ही घरी आलो. वाटेत मी तिला मलाया म्हणजे कोणत्या दिशेला ते दाखवले. दिशा बरोबर असावी.

१२ मे, रविवार

पत्र आले नाही. माणूस आला.

दुपारी ऊन असे होते की अंगणात कुत्रेही नव्हते. मी ओसरीवर ग्रंथ उघडून डोळे मिटले होते. वहाणांचा नव्हे, बुटांचा आवाज आला. समोर ट्रंक खांद्यावर घेतलेला, काळवंडलेला, अर्धा उरलेला जोतीराम. पायांवर वाकला आणि म्हणाला, "दादा, तुमचं कागूद मला जहाजावर चढताना घावलं." मी त्याला काय म्हणालो, ते आठवत नाही. त्यात एकही संस्कृत शब्द नव्हता, असे हरणाबाई सांगतात.

लीलाबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. पाणी आणले. पण बनूने त्याला पाणी पिऊ दिले नाही. ती आधीच गोठ्यात जाऊन शेण घेऊन आली होती आणि डबी उघडून अंगणात उभी होती.

सर्वजण अंगणात जमलो. लीलाबाई माझ्यापासून चार हातांवर होत्या, खांबामागे नव्हत्या. जोतीरामाने बनूच्या दाढेची गोळी केली, मागे रेलला आणि फेकली: आढे ओलांडून पलीकडे. पुढच्या दाताची: पलीकडे. नंतर माझ्या दाढेची. ती गोळी, धन्याप्रमाणेच जड आणि आळशी, आढ्यापर्यंत गेली, थोडी थांबली, आणि कौलांवरून गडगडत परत येऊन माझ्या पायाशी पडली. शेण फुटले, दाढ उघडी पडली. जोतीरामाने पुन्हा फेकली. पुन्हा परत आली. हरणाबाई म्हणाल्या, ह्या वयात नवी यायची न्हाई हे दाढंला ठाव हाय. जोतीराम हसत पुन्हा वाकला, पण बनूने आधीच ती उचलली होती.

तिने दाढ परकराला पुसली, डबीत ठेवली, झाकण दाबून बसवले आणि डबी माझ्या हातात दिली.

"ही ऱ्हाऊ दे, आबा," ती म्हणाली. "तुमी परत गेलासा तर लागंल."

जोतीराम अंगणात तसाच खाली बसला आणि त्याने तिला जवळ ओढले. मी डबी कोटाच्या खिशात ठेवली. रजा किती, पुन्हा बोलावणे आहे का, हे मी अजून विचारलेले नाही. डबी खिशात आहे. पान कायमचे सुटले.